माहेरच्या अळ्या

मला रेशमाच्या अळ्या कधीच आवडल्या नाहीत. एखाद्या विषयावर चार वर्षं घालवणाऱ्या बाईला त्या विषयाची ओढ असणार, असं लोकांना उगाच वाटतं. मला काडीची ओढ नव्हती. बोटाएवढी, पांढरी, गार अळी हातावर ठेवली की ती पाय रोवून चालायला लागते आणि माझ्या अंगावर काटा येतो. तो आजही येतो.

विषय सरांनी दिला. सर म्हणजे माझे पीएचडीचे मार्गदर्शक. पहिल्याच भेटीत त्यांनी माझं माहेर विचारलं. चाकूर तालुक्यात, भाऊ आणि वहिनी तुती लावून रेशीम करतात, असं मी सांगितलं. सर खुर्चीत पुढे सरकले. "म्हणजे अळ्या घरच्याच की! आणायच्या आणि वापरायच्या." विषय तिथल्या तिथे ठरला: कीटकांची उपजत प्रतिकारशक्ती. मी म्हटलं, "सर, पण ते लई अवघड..." त्यांनी मला मध्येच तोडलं. "लई नाही, खूप. नांदेडला राहतेस, शिकवतेस, आता तरी नीट बोल." समोर दोन विद्यार्थी बसले होते. मी 'खूप' म्हणाले. पुढची चार वर्षं त्यांच्यासमोर मी 'खूप'च म्हणत राहिले आणि प्रत्येक वेळी मनात त्यांना एक शिवी दिली.

अळीच्या प्रतिकारशक्तीची गोष्ट तशी सोपी आहे. आपल्या अंगात एखादा जंतू येऊन गेला की शरीर त्याची ओळख ठेवतं, म्हणून तर लस चालते. अळीकडे अशी ओळख नोंदवायची वही नसते. जंतू आत शिरला की तिच्या अंगातली चरबी काही तासांत बारीक प्रथिनं बनवते आणि रक्तात सोडते. त्यांना पेप्टाइड म्हणतात. ती जंतूच्या पापुद्र्याला भोकं पाडतात आणि जंतू मरतो. मनात ठेवणं नाही, डूख धरणं नाही. आमच्या घरात असं काही असतं तर बरं झालं असतं. वहिनी उदगीरकडची. तिच्या लग्नात, भर पंगतीत, मी तिच्या कानडी वळणाच्या मराठीची नक्कल केली होती. सगळे हसले, ती हसली नाही. त्याला बारा वर्षं होऊन गेली होती, आणि ती पंगत आम्हा दोघींनाही कालच्यासारखी आठवत होती.

रेशमाचं शेड वहिनीचंच. दादा नांगरट, पाणी, तुतीची छाटणी बघतो. पण अळ्यांना फांद्या कधी घालायच्या, चुना कधी मारायचा, कात टाकायला बसलेल्या अळ्यांचं खाणं कधी थांबवायचं, हे तीच ठरवते. दहावी झालेली बाई. मी एमएस्सी. ती मला शेडात शिरताना पाय धुवायला लावायची, ते मला झोंबायचं.

पहिली खेप मी मे महिन्यात आणली. काम असं होतं: काही अळ्यांना मेलेल्या जंतूंत बुडवलेली सुई टोचायची, काहींना टोचायचीच नाही. एक दिवस थांबायचं. मग पोटाखालचा एक पाय कात्रीने कापायचा, पिवळसर रक्त बर्फातल्या नळीत धरायचं आणि उकळायचं. उकळल्यावर मोठी प्रथिनं गोठून खाली बसतात, पेप्टाइड वरच्या निवळीत टिकतात. जंतू पसरलेल्या काचेच्या ताटलीत छोटं भोक पाडून त्यात निवळीचा एक थेंब सोडायचा. दुसऱ्या दिवशी सगळी ताटली दुधाळ झालेली असते. जिथे जंतू मेले तिथे भोकाभोवती स्वच्छ वर्तुळ दिसतं. टोचलेलीचं वर्तुळ आलं आणि न टोचलेलीचं नाही आलं, एवढं दाखवलं की माझा प्रबंध उभा राहणार होता.

न टोचलेल्या अळ्यांचं रक्त मी आल्या दिवशीच काढून घेतलं. त्यांचं वर्तुळ आलं नाही, म्हणजे तेवढा भाग बरोबर झाला. बाकीच्या मी टोचल्या आणि त्या दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत काळ्या पडून मेल्या. लिबलिबीत झाल्या होत्या, झाकण उघडवेना इतका वास. मी व्हरांड्यात जाऊन वहिनीला फोन लावला.

"वैनी, कसल्या अळ्या दिलाव मला? सगळ्या मेल्या. तुमच्या शेडातच घाण हाय. मी इथं जीव तोडून काम करून राहिले आन् तुमाला धड अळ्या सुदीक देता येईनात."

आणखीही बोलले. ती शेवटी म्हणाली, "बरं, ताई," आणि फोन ठेवला. मला बरं वाटलं. खरं सांगायचं तर मस्त वाटलं. सरांवरचा राग सरांवर काढता येत नव्हता, तो माहेरी काढायची सोय होती.

दुसरी खेप दिवाळीनंतर. तोवर माझी अखेरची मुदतवाढ सुरू झाली होती. उन्हाळ्यापर्यंत प्रबंध दिला नाही तर नोंदणी रद्द होणार होती. कॉलेजात मी तासिका तत्त्वावर शिकवत होते. पीएचडी झाली तर कायम होण्याची आशा, नाही झाली तर पुढच्या वर्षी माझ्या जागी दुसरी कुणी. म्हणून या वेळी मी जुनं भांडण न उकरता शेडात गेले. वहिनीने शेवटच्या रॅककडे बोट दाखवलं. "तो तुमचा. तुमच्या नावानं येगळा काढलाय." अळ्या बघून मी थक्क झाले. भरलेल्या, चकचकीत, एकसारख्या. तिने स्वतः त्या वेचून भोकं पाडलेल्या डब्यात भरल्या, वर पाला घातला, झाकण लावलं. मग घरात गेली, करंडा घेऊन आली आणि डब्याच्या झाकणावर हळदीकुंकवाची बोटं ओढली. आमच्याकडे लेक सासरी निघाली की तिच्याबरोबर जाणाऱ्या डब्याला, पिशवीला असं बोट लावतात. त्या डब्यात लाडू असतात, अळ्या नसतात. मला हसूही आलं आणि चीडही. नांदेडला पोचल्यावर मी पहिलं काम कुठलं केलं असेल, तर स्पिरिटचा बोळा घेऊन ते झाकण खसाखसा पुसलं.

एकही अळी मेली नाही. मी टोचल्या, थांबले, रक्त काढलं. तिसऱ्या दिवशी सकाळी जंतू वाढवायच्या उबदार पेटीतून ताटल्या काढल्या तर वर्तुळं होती. चांगली दहाच्या नाण्याएवढी, कडा आखल्यासारख्या. चार वर्षांत पहिल्यांदा मी त्या प्रयोगशाळेत एकटीच मोठ्याने हसले. मग न टोचलेल्यांची ताटली बघितली. त्यांचीही वर्तुळं आली होती. तितकीच मोठी.

सरांनी दोन्ही ताटल्या उजेडात धरून पाहिल्या. म्हणाले, "एसटीत हिंदकळल्या असतील. कुठेतरी खरचटलं असेल. जखम झाली की त्यांची प्रतिकारशक्ती जागी होतेच. न टोचलेल्यांचे आकडे मागच्या खेपेचे घे."

"सर, पण ती खेप वेगळी. तो मे महिना होता."

"अळी तीच, शेड तेच. तुला प्रबंध द्यायचाय की नाही?"

मला द्यायचा होता. मी मागच्या खेपेचे आकडे घेतले आणि तक्त्यात बसवले. कुणी माझा हात धरून ते लिहून घेतलं नव्हतं. त्या दिवशी घरी जाऊन मी स्वयंपाक केला, जेवले, आणि नवऱ्याने "आज खुश दिसतेस" म्हटल्यावर त्याच्या अंगावर खेकसले.

लातूरच्या एका कॉलेजात चर्चासत्र होतं. सरांनी माझ्या वर्तुळांचं मोठं चित्र छापून भिंतीवर लावलं, नाव आपलं आधी आणि माझं खाली. मी बाजूला उभी. लोक येत होते, मान डोलवत होते, चहाकडे जात होते. एक निवृत्त प्राध्यापिका आल्या, पांढऱ्या केसांच्या, खांद्याला कापडी पिशवी. त्यांनी बराच वेळ चित्र पाहिलं आणि विचारलं, "ट्रिप्सिन देऊन बघितलं का?"

ट्रिप्सिन हे प्रथिनं तोडणारं पाचक द्रव्य. निवळीत घातलं की पेप्टाइडचे तुकडे होतात आणि वर्तुळ नाहीसं होतं. ते नाहीसं झालं तरच म्हणायचं की जंतू मारणारी वस्तू पेप्टाइड होती. साधी, स्वस्त परीक्षा. आम्ही ती केलीच नव्हती.

"हो, केलंय," सर म्हणाले. "वर्तुळ गेलं. जागेअभावी छापलं नाही."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या चित्राकडे पाहिलं. परतीच्या गाडीत सर शेजारी बसून जांभया देत होते, आणि मला वाटत होतं की यांना लोह्याच्या फाट्यावर उतरवून द्यावं. पण मी त्यांच्या बाटलीत पाणी संपलं तेव्हा माझी बाटली पुढे केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फ्रीजरमधली उरलेली निवळ काढली आणि ट्रिप्सिन घातलं. प्रामाणिकपणा वगैरे काही नव्हता. सरांनी मारलेली थाप खरी निघावी आणि माझी सुटका व्हावी, एवढंच मला हवं होतं. वर्तुळ जसंच्या तसं राहिलं. पुन्हा केलं. जोडीला बाटलीतल्या विकतच्या प्रथिनावर ट्रिप्सिन लावून बघितलं, ते व्यवस्थित तुटलं. म्हणजे ट्रिप्सिन चांगलं होतं. तिसऱ्यांदाही वर्तुळ राहिलं. जंतू मारणारी, उकळून टिकणारी, प्रथिन नसलेली वस्तू अळीच्या रक्तात होती, आणि ती टोचलेल्या, न टोचलेल्या सगळ्यांत सारखीच होती.  असं काय असतं, हे बारावीतलं पोरही सांगेल. औषध.

रविवारी पहिल्या गाडीने मी चाकूरला गेले, तिथून रिक्षाने गावात. घरात न जाता थेट शेडात शिरले. वहिनी रॅकवर तुतीच्या फांद्या पसरत होती.

"वैनी, माझ्या अळ्यांना काय घातलं हुतं तुमी?"

तिने वर पाहिलं नाही. "आदी चप्पल काढा."

"मी काय विचारून राहिले?"

"चप्पल काढा, ताई. रॅकवर जित्या अळ्या हाईत."

मी चप्पल काढून बाहेर फेकली. तिने हातातली फांदी नीट ठेवली, मगच बोलली.

"कॅप्सूल घातली. जखम चिघळली की माणसाला देतेत ती. मेडिकलवाल्याला म्हणलं अळ्याला पायजे, त्यानं दिली. लई लोक घालतेत. फोडून पाण्यात कालवायची आन् पाल्यावर शिंपडायची."

"सगळ्या शेडाला?"

"न्हाई. आमच्या रॅकला आमी कदीच घालत न्हाई. निस्ती तुमच्या रॅकला. रोज."

"कामून? मी सांगितलं हुतं?"

तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलं. "तुमीच म्हणलाव ना, आमच्या शेडात घाण हाय? म्हणलाव का न्हाई? माहेरवाशिणीच्या हातात मरतुकडी वस्तू दिऊन आनखी एकदा तुमचं ऐकून घिऊ?"

 ती थांबली नाही. बारा वर्षं थांबलेली बाई ती.

"आन् त्या मागच्या अळ्या शेडानं मारल्या न्हाईत. भर मे मध्ये डबा तुमी एसटीत वरच्या फळीवर ठेवला, तापल्या पत्र्याखाली. तुमच्या भावानं खिडकीतून बघितलं. मांडीवर घी म्हणून सांगितलं बी. तुमी म्हणलाव, अळ्या अंगाजवळ नको. घरी यिऊन सांगितलं त्यांनी मला. तरी फोनवर मी काई बोलले का?"

खरं होतं. मला तो डबा मांडीवर नको होता. आतली सळसळ पत्र्यातून हाताला लागते, म्हणून मी तो वर ढकलला होता आणि नांदेडपर्यंत डुलक्या घेतल्या होत्या.

"मंग आता काय झालं?" तिने विचारलं. "ते तुमचं खोटं ठरलं का?"

"हाव."

"सायबाला सांगितलाव?"

"न्हाई."

ती हसली. ते हसू मला पंगतीतल्या माझ्याच हसण्याची आठवण करून देणारं होतं. "मला फोन करून वरडायला येतंय तुमाला. पहाटंच्या गाडीनं भांडायला यायला येतंय. तितं त्या मानसापुढं तोंड शिवलंय का तुमचं?"

त्या क्षणी मला तिचा इतका राग आला की हातातली पिशवी तिच्या अंगावर फेकावी वाटली. ती बरोबर बोलत होती, याचाच राग. मी तिथेच, तुतीच्या फांद्यांच्या ढिगाजवळ उभी राहून सरांना फोन लावला. वहिनी पाला पसरत राहिली, पण हात मंदावले होते.

मी सगळं सांगितलं. कॅप्सूल, ट्रिप्सिन, मागच्या खेपेचे आकडे. सर शांतपणे म्हणाले, "हे बघ, ट्रिप्सिनचं तू केलंच नाहीस असं समज. प्रबंध आहे तसा विद्यापीठात जाऊ दे. आपल्या दोघांशिवाय हे कुणाला माहीत आहे?"

"वहिनीला माहीत आहे."

"कोण वहिनी?"

"जिनं अळ्या दिल्या ती. लई हुशार हाय."

'लई' शब्द निघून गेला. तो दुरुस्त करायचंही त्यांना सुचलं नाही. "मग माझी सही विसर," म्हणाले आणि फोन ठेवला.

पुढचं व्हायचं तसंच झालं. मी विभागाला पत्र लिहून आकडे मागे घेतले. सरांनी सगळीकडे सांगितलं की या बाईला प्रयोगच जमत नव्हते. नोंदणी रद्द झाली. कॉलेजात माझ्या तासांवर दुसरी मुलगी आली, माझीच विद्यार्थिनी. लातूरच्या त्या पांढऱ्या केसांच्या बाईंना मी सगळं लिहून कळवलं. त्यांनी ओळखीच्या एका मार्गदर्शकांचं नाव दिलं, आणि दीड वर्षाने, पस्तिशी ओलांडल्यावर, मी पुन्हा पहिल्या पायरीवर नाव नोंदवलं. विषय तोच घेतला. हट्टाने घेतला.

अळ्या दुसरीकडूनही मिळाल्या असत्या. मी चाकूरलाच गेले. शेडात शिरताना पाय धुतले. वहिनीला म्हटलं, "कायबी न घातलेल्या पायजेत, वैनी. मरतील त्या मरू द्या." तिने मान हलवली. रॅकवरून अळ्या वेचल्या, डब्यात भरल्या, पाला घातला, झाकण लावलं आणि डबा माझ्याकडे सरकवला. मी करंडा येईल म्हणून घराच्या दाराकडे बघितलं. ती पुढच्या रॅककडे वळली होती.

या वेळी डबा मांडीवर घेतला, ओलं फडकं गुंडाळून, अहमदपूर, लोहा, थेट नांदेडपर्यंत. आतली सळसळ वाटभर हातांना लागत होती. अकरा अळ्या मेल्या. मी कुणाला फोन केला नाही. बाकीच्यांपैकी टोचलेल्यांचं वर्तुळ आलं, जेमतेम हरभऱ्याएवढं, कडा पुसट. न टोचलेल्यांचं आलं नाही. ट्रिप्सिन घातल्यावर टोचलेल्यांचंही गेलं. ती रिकामी, दुधाळ, एकसारखी पांढरी ताटली मी कितीतरी वेळ बघत बसले, आणि मला रडू आलं.

वहिनीला फोन करून सांगितलं की या वेळी जमलं, तुमच्या अळ्या चांगल्या निघाल्या. मी खूप काही बोलायचं ठरवलं होतं. पंगतीचंसुद्धा. ती म्हणाली, "बरं, ताई," आणि फोन ठेवला.

मग मी डबा धुवायला घेतला. आत पाल्याचा चोथा आणि विष्ठा चिकटली होती, ती घासून काढली. सवयीने स्पिरिटचा बोळा भिजवला आणि झाकण हातात घेतलं. पुसण्यासारखं त्याच्यावर काहीच नव्हतं.